दुधाची साक्ष

शम्सा रिकाम्या हाताने आली, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

शम्सा माझी मोठी जाऊ. मस्कतपासून दोन तासांवरच्या बहल्यात आमची घरं एकाच गल्लीत, मध्ये फक्त पाण्याचा पाट आणि तिच्या नवऱ्याच्या, हिलालभावजींच्या, खजुरीची रांग. इतक्या वर्षांत खजूर, हलवा, गेला बाजार झाडाची चार लिंबं हातात असल्याशिवाय ती माझ्या दारात आली नव्हती. आणि त्या दिवशी तर तिने भरल्या हाताने यायला हवं होतं, कारण तिच्या खलफानचं आणि माझ्या रीमचं लग्न ठरलेलं होतं. रमजान नुकताच संपला होता. आता हिवाळ्यातली तारीख धरायची तेवढी राहिली होती.

“झुवैना, एक गोष्ट सांगायची राहून गेली,” ती उभ्याउभ्याच म्हणाली.

“आधी बस तरी. कॉफी ओतते.”

“नको, ऐक. रीम तान्ही होती ना, तेव्हा मी तिला पाजलंय.”

माझ्या हातातला थर्मास तसाच राहिला. आमच्यात जिने मूल अंगावर पाजलं ती त्याची आई होते आणि तिची मुलं त्याची भावंडं. चुलतभावाशी लग्न चालतं, किंबहुना तेच व्हावं असं सगळ्यांना वाटतं. पण दूधभाऊ म्हणजे सख्खा भाऊ. तिथे लग्नाचं बोलणंच खुंटतं.

“कधी पाजलंस?”

“तू निझवाला कॉलेजात जायचीस तेव्हा. पोरगी दिवसभर माझ्यापाशीच की. भुकेने रडायची, मग घ्यायचे अंगावर.”

“आणि हे तुला आज आठवलं? लग्न ठरवताना काय झोपली होतीस?”

“वय झालं गं. विसरले.”

“वय झालं म्हणे! परवा ईदला भावजींचा तीस वर्षांपूर्वीचा हिशोब तोंडपाठ काढलास. शम्सा, माझ्याकडे बघून बोल.”

ती माझ्याकडे बघेना. बघणार कशी? तिचा मधला मुलगा फैसल आणि माझी रीम एकाच वर्षातले. त्या वर्षी शम्साला ताप आला आणि तिचं दूध आटलं ते आटलंच. आमच्या सासूबाई फार कडक. सुनेला दूध नाही हे कळलं असतं तर त्यांनी गावभर डांगोरा पिटला असता. म्हणून मी निझवाहून येताना पावडरच्या दुधाचे डबे आणायचे, अबायाखाली लपवून, आणि शम्सा ते दार लावून फैसलला पाजायची. तिचं स्वतःचं पोर डब्यावर वाढत होतं आणि ही म्हणे माझं पाजत होती! ही गोष्ट जगात आम्हा दोघींनाच माहीत होती.

“मला काय माहीत आहे, ते तुला माहीत आहे ना?” मी विचारलं.

“माहीत आहे,” शम्सा म्हणाली. “तरी सांगतेय.” आणि गेली.

आता मी तुम्हाला माझा संशय सांगते. मुळात माझा स्वभावच संशयी आहे. मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि मुली पाठीमागे मला एक्स-रे म्हणतात. पण या वेळी संशयाला कारण होतं. रमजानच्या आधी मीच शम्साकडे विषय काढला होता, की खलफानची रक्ताची चाचणी करून घेऊ. त्या वेळी लग्नाआधीची चाचणी सक्तीची नव्हती, ज्याची त्याची मर्जी. नबहान, म्हणजे माझा नवरा, माझ्यावर भडकला. “सख्ख्या भावाच्या मुलाचं रक्त तपासतेस? उद्या माझं तपासशील!” मी म्हटलं, तपासायलाच हवं होतं. त्याची एकुलती एक बहीण सलमा हाडं दुखून दुखून तरुणपणीच गेली. घरचे अजून म्हणतात, नजर लागली. मी सून म्हणून आले तेव्हापासून मला ती नजर वाटलेली नाही, ते सिकल सेल वाटतं, रक्तातून पिढीजात उतरणारा आजार. शम्सा तेव्हा एवढंच म्हणाली होती, “रमजाननंतर बघू.” आणि रमजाननंतर हे दूध निघालं.

सरळ होतं. पोराची चाचणी झाली असणार, काहीतरी वाईट निघालं असणार, आणि रक्तातलं वैगुण्य झाकायला शम्साने दुधाची चादर ओढली होती. नाहीतर मस्कतमधली एखादी नोकरीवाली स्थळ म्हणून आली असणार. काहीही असो, गावात नाव माझ्या मुलीचं होणार होतं. ठरलेलं लग्न मोडलेली मुलगी. ते मी खपवून घेणार नव्हते.

नबहानला मी स्पष्ट सांगितलं, “शम्सा खोटं बोलतेय. मी सिद्ध करून दाखवते.” डब्यांचं मात्र बोलले नाही. ती बायकांची गोष्ट होती.

“खोटं असेल तर बरंच आहे,” नबहान म्हणाला. “इमामसाहेब मक्केहून, उमऱ्याच्या यात्रेहून आले की शुक्रवारी बैठकीत बोलावतो. तू मुलीची आई आहेस. तू सांग नाही पाजलं म्हणून, लग्न लावून टाकू.”

रीमला विचारलं तर ती भांडी घासत होती. निझवाच्या बँकेत नोकरी करते ती, घरी आली की क्वचितच भांड्यांना हात लावते. “काकू म्हणतेय तर पाजलं असेल,” एवढंच बोलली. रडली नाही. मला वाटलं, धक्का बसलाय पोरीला. माझा शम्सावरचा राग आणखी वाढला.

शाळेत त्या आठवड्यात अकरावीला आनुवंशिकता शिकवायची होती. परीक्षा आता टॅबवर होतात. आमच्या शाळेतल्या बऱ्याच बाया त्या प्रकारावर वैतागतात, मला मात्र तो पहिल्या दिवसापासून आवडला. कागदावर मुलगी उत्तर लिहिते, एवढंच दिसतं. टॅबवर ती किती वेळ थांबली, उत्तर किती वेळा बदललं, सगळं दिसतं. माझ्यासारखीला आणखी काय हवं? लग्नाआधीच्या चाचणीवर मी धडा शिकवला आणि लगेच छोटी परीक्षा लावली.

एक प्रश्न असा होता: नवरा-बायको दोघंही सिकल सेलचे वाहक आहेत, पहिलं मूल आजारी झालं, तर दुसरं मूल आजारी असण्याची शक्यता किती?

माझ्या पडद्यावर सगळा वर्ग लाल झाला, म्हणजे चुकला. चारातलं एक आजारी असतं हे मुलींना पाठ होतं. मग एक होऊन गेलं, आता पुढची तीन निर्धास्त, असं त्यांनी ठोकून दिलं. मी रागावले, पण नवल वाटलं नाही. अर्धं गाव असंच मोजतं. उरलेलं अर्धं वाहक म्हणजे आजारी समजतं आणि पोरीला स्थळ येणार नाही म्हणून चाचणीच्या वाटेलाच जात नाही.

एकच उत्तर हिरवं होतं. बस्माचं. बस्मा म्हणजे शम्साची धाकटी, खलफानची बहीण. ही पोरगी माझ्या विषयात काठावर पास होते, तेही मी काठ जरा खाली धरला तर. आणि तिने क्षणात बरोबर उत्तर निवडलं होतं, एकदाही न बदलता. खाली कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं: ‘दर बाळंतपणाला चिठ्ठी नव्याने उचलायची असते. आधीची चिठ्ठी परत पेटीत जाते.’

हे माझे शब्द नव्हते, पुस्तकातले तर नव्हतेच. कुणीतरी समोर बसवून समजावलं होतं.

मग मी जे केलं ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. दुसऱ्या दिवशी उजळणीची परीक्षा लावली आणि एक प्रश्न फक्त बस्माच्या टॅबवर पाठवला. ‘एका मुलाच्या घरच्यांनी त्याचा रक्ताचा अहवाल लपवला आणि दुसरंच कारण सांगून लग्न मोडलं. हे योग्य की अयोग्य? कारण लिहा.’ आणि टेबलामागे बसून तिचा पडदा बघत राहिले. ती त्या प्रश्नावर थांबली ती थांबलीच. इतर मुली टॅब ठेवून कुजबुजायला लागल्या तरी बस्मा तिथेच. वेळ संपली, चौकट रिकामी.

वर्ग सुटल्यावर ती टेबलाशी आली.

“बाई, तिसरा प्रश्न मलाच होता फक्त.”

“यंत्र प्रश्न उलटसुलट करतं. माहीत आहे ना तुला?”

“उलटसुलट करतं. नवीन बनवत नाही.”

काठावरची पोरगी! तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. शाळेत ती मला कधी काकू म्हणत नाही, त्या दिवशी म्हणाली.

“काकू, तुम्हाला आईला विचारायचं ते आईला विचारा. मला त्याचे गुण नका लावू.”

“बरं. एवढंच सांग, चिठ्ठीचं कुणी शिकवलं?”

“दादाने. त्याला नर्सने सांगितलं होतं, निझवाला.”

“निझवाला? इथलं आरोग्यकेंद्र ओस पडलंय का?”

“इथे आमची मावशी आहे ना कामाला.” मग तिच्या लक्षात आलं, आपण जास्त बोललो. “आईने सांगितलंय तुमच्याशी हा विषय काढायचा नाही. मी जाऊ?”

तिला जाऊ दिलं. माझा संशय खरा ठरल्याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? गाडी घराकडे वळवताना मात्र एक गोष्ट टोचायला लागली. नर्स एकट्या पुरुषाला बाळंतपणाची चिठ्ठी कशाला समजावेल? एकट्याला सांगतात, तू वाहक आहेस, जोडीदाराची चाचणी करून घे. संपलं. पहिलं मूल, दुसरं मूल हे सगळं समोर जोडपं असेल तरच सांगतात, आणि तेही दोघं वाहक निघाले तरच. म्हणजे खलफान तिथे कुणा मुलीला घेऊन गेला होता! मस्कतवाली होती तर! माझ्या मुलीशी लग्न ठरलेलं असताना हा दुसरीबरोबर रक्त तपासत फिरत होता. माझं डोकंच फिरलं. घरी न जाता मी थेट शम्साच्या अंगणात शिरले.

शम्सा बकऱ्यांना चारा घालत होती.

“कोण आहे ती?” मी विचारलं.

“कोण?”

“सोंग पुरे झालं. खलफान ज्या मुलीला घेऊन निझवाला रक्त तपासायला गेला, ती. माझ्या मुलीला दूधबहीण करून टाकलंस, म्हणजे त्या भवानीला वाट मोकळी! अगं, स्थळ आवडलं नाही म्हणायचं होतंस. मी शिव्या दिल्या असत्या, चार महिन्यांनी विसरले असते. पण दूध? तुझं दूध? डबे मी आणलेत, शम्सा!”

शम्साने हात झटकले. माझ्याकडे तिने त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि त्यानेच मी चपापले.

“तुझीच,” ती म्हणाली.

“काय माझीच?”

“निझवाला गेली ती तुझीच मुलगी. रीम. दोघं मिळून गेले. तू चाचणी चाचणी करत होतीस ना, केली त्यांनी. दोघांतही निघालं.”

मी तिथल्या पायरीवर बसले.

“आणि दूध?” मी विचारलं.

“रीमने सांगितलं म्हणून. दोन दिवस माझ्यापाशी बसून होती. मी आधी नाही म्हटलं, देवाची भीती आहे मलाही. पण झुवैना, सलमाचं सगळं मी केलंय. तू तेव्हा या घरात नवी, कॉलेजात रमलेली. तिचे पाय धरून मी बसायचे, हात लावला तरी किंचाळायची आणि सोडला तरी किंचाळायची. मला तसं नातवंड नको. पुढचं तू तुझ्या मुलीला विचार.”

रीम बँकेतून आली होती, ओट्यापाशी खजुरातल्या बिया काढत बसली होती. मी दार लावलं. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

“काकूने सांगितलं?”

“मी काढून घेतलं. कधी केलीत चाचणी?”

“तू त्यांच्याकडे मागितलीस त्याच आठवड्यात.”

“आणि मला नाही सांगितलंस! मी तुझी आई, वर हेच शिकवते दिवसभर, आणि मला नाही सांगितलंस!”

“म्हणूनच नाही सांगितलं.” तिचे हात थांबले नाहीत. “तू आधी शोधून काढलं असतंस, कुणाच्या बाजूने आलं. सलमाआत्यापर्यंत गेली असतीस. बाबा म्हणाले असते, चारातलं एक ना? मग तीन चांगली होतील, देव मोठा आहे. मग तुमचं दोघांचं वाजलं असतं, आणि तुमच्या त्या भांडणात माझं लग्न लागून गेलं असतं.”

“मी लागू दिलं असतं का?”

“मी दिलं असतं, आई.”

इतका वेळ मी बाहेरचे चोर शोधत होते.

“नर्सने सगळं समजावलं,” रीम म्हणाली. “बाहेर आलो, गाडीत बसलो, आणि खलफान म्हणाला, बघू काय होतं ते. मीपण म्हटलं, बघू. घरी आले की ठरवायचे, नाही म्हणून सांगायचं. त्याचा फोन आला की परत, बघू. मला माझाच भरवसा वाटेना. चाचणी काय, ती फक्त सांगते. अडवत नाही. मला असं काहीतरी हवं होतं की ज्यातून मलाही मागे फिरता येणार नाही.”

“आणि त्याला हे चाललं?”

आता तिचे हात थांबले.

“त्याला खरंच वाटतंय. काकूने पाजलंय असंच वाटतंय त्याला. कळलं तर तो थांबणार नाही.”

त्या क्षणी मला तिची भीतीच वाटली. कुठून आणला हा थंडपणा, असं मनात आलं. मग तिने पुढच्या खजुराला हात घातला आणि तो तिला नीट धरता येईना, तेव्हा मी तिला जवळ ओढलं. पुष्कळ रडली. मीही रडले.

पण शुक्रवार तोंडावर आला होता, आणि तो मीच आणला होता. शम्सा खोटं बोलतेय हे नबहानच्या डोक्यात मीच भरवलं होतं. नबहानला खरं सांगून बघावं, असं मनात येऊन गेलं. गुरुवारी जेवताना सहज म्हटल्यासारखं विचारलं, “समज, दोघांच्या रक्तात दोष निघाला असता, तर?”

“तर काय? मुलं होतात चार-पाच. एखादं नाजूक निघतं. माझ्या आईला नाही का झालं?” त्याने भात कालवता कालवता माझ्याकडे निरखून पाहिलं. “का विचारतेस?”

“शाळेत विचारतात मुली,” मी म्हटलं. विषय तिथेच सोडला.

शुक्रवारी नमाजानंतर हिलालभावजींच्या बैठकीत सगळे जमले. इमामसाहेब भिंतीशी, एका बाजूला हिलालभावजी नि खलफान, दुसऱ्या बाजूला नबहान. आम्ही दोघी जावा दाराजवळ. कॉफी फिरली, खजूर फिरले. खलफानने कशालाच हात लावला नाही. पोराची दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते.

इमामसाहेबांनी शम्साला विचारलं. तिने सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसंच, खाली मान घालून. मग ते माझ्याकडे वळले.

“एका भल्या बाईचा शब्दही अशा बाबतीत मी टाकून देऊ शकत नाही. पण मुलीची आई समोर आहे. आईला जर खात्रीने माहीत असेल की असं घडलं नाही, तर मला विचार करावा लागेल. बोल बाई, देवाला स्मरून बोल.”

नबहान निवांत बसला होता. त्याला माझं उत्तर ठाऊक होतं. शम्सा सतरंजीकडे बघत होती. डबे माझ्या डोळ्यांसमोर आले. एक शब्द पुरे होता. तो शब्द खरा होता, आणि तो बोलल्यावर हिवाळ्यात लग्न होतं.

“पाजलंय,” मी म्हणाले.

“तू पाहिलंस?”

“पाहिलं. एकदा परीक्षा लवकर सुटली, मी दुपारीच आले, तर रीम हिच्या अंगावर होती. मी म्हटलंसुद्धा, अगं, तुझ्या फैसलला उरेल ना. हसलो आम्ही दोघी. मग कामाच्या गर्दीत डोक्यातून गेलं.” खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं. अर्धवट खोट्यातच मुली पकडल्या जातात, हे वर्गात मी नेहमी पाहते. पण मला देवाची खरोखर भीती वाटली. आजही वाटते.

इमामसाहेबांनी मान हलवली. “मग ही दोघं भाऊ-बहीण. वेळेवर कळलं, देवाची कृपा.”

खलफान उठून बाहेर गेला. शम्साने माझा हात धरला, मी तो सोडवून घेतला.

नबहान माझ्या पुढे चालत घरी आला. आल्यावर म्हणाला, “खोटं आहे म्हणून तूच सांगितलं होतंस.”

“आठवलं मला नंतर.”

“तिला आठवलं, मग तुला आठवलं. बरं आठवतं तुम्हा जावांना, एकापाठोपाठ एक!” पुढे त्याने काही विचारलं नाही. तो विचारत नव्हता, त्याचीच मला धास्ती वाटायला लागली. फोन वाजला की मान वर करायचा. मी शम्साकडे निघाले की विचारायचा, काय काम आहे. इतकी वर्षं या घरात संशय घ्यायचं काम माझं होतं. आता ते त्याने घेतलं.

मोठी ईद, म्हणजे बकरी ईद, आली. रिवाजाप्रमाणे हिलालभावजींकडचे सगळे आमच्याकडे आले. भट्टीतलं मांस निघालं, जेवणं झाली. बायका आत, पुरुष बैठकीत. खलफान यायचं टाळणार असं मला वाटलं होतं, पण आला. भावजींनी आणलं असणार. बापाच्या शेजारी, ईदचा नवा पोशाख घालून, पाहुण्यासारखा बसला होता.

“कॉफी रीमला आणू दे,” नबहान बैठकीतून म्हणाला.

परके पुरुष असले की मुली बैठकीत जात नाहीत. चुलतभाऊ तसा परकाच, कारण त्याच्याशी लग्न होऊ शकतं, म्हणून त्याच्यासमोर डोकं झाकायचं. पण आता तो परका नव्हता. रीमने किटली उचलली, डोक्यावरची ओढणी नीट चापून घेतली, कपाळापर्यंत, लहानपणापासून घेते तशी, आणि बैठकीत गेली. मी कपांचं तबक घेऊन मागे.

नबहानने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“भावासमोर ओढणी कशाला?” तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण डोळे माझ्यावरून हलले नाहीत. “सख्ख्या भावासमोर कुणी डोकं झाकतं का? की तुम्हाला अजून तो भाऊ वाटत नाही?”

रीम किटली धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ती काही करणार नव्हती. तिचं होतं तेवढं बळ तिने केव्हाच खर्चून टाकलं होतं.

“काढ गं,” मी म्हणाले. “भाऊच आहे तुझा.”

तिने एका हाताने ओढणी मागे केली आणि वाकून खलफानच्या कपात कॉफी ओतली. केस तिच्या खांद्यावरून पुढे आले. त्याने मान वर केली नाही.